ऑपरेटिंग सिस्टीम ‘टाकायची’ म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरी पाटी

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

मी भाषांतराचं काम करते. वय ५८. रोज सात-आठ तास टंकते, त्यामुळे संगणक ‘येत नाही’ अशातली मी नाही. तळटीपा, ट्रॅक चेंजेस, अनुक्रमणिका, सगळं करते. पण झाकणाखाली काय चालतं याचा पत्ता नाही. गेले दोन आठवडे लॅपटॉप रडतोय. सकाळी चालू केला की दहा-दहा मिनिटं गोल चक्र फिरत राहतं, वर्ड मधेच पांढरंफटक पडतं, आणि दोनदा तर निळा पडदा येऊन सगळंच बंद. दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने पाच मिनिटं बघून निकाल दिला, “ओएस करप्ट झालीय, नवीन टाकू. सी मधलं सगळं जाईल, बॅकअप आहे ना?” मी लॅपटॉप काखोटीला मारून घरी परत.

आता प्रश्न, सुचले तसे. ही ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, असते कुठे? वर्डही प्रोग्राम आणि विंडोजही प्रोग्राम. वर्ड बिघडलं तर नुसतं वर्ड परत बसवतात, मग विंडोज बिघडलं तर माझी भाषांतरं का जावीत? भाचा म्हणतो, “मावशी, लिनक्स टाक, कटकट मिटेल.” म्हणजे लॅपटॉप तोच राहतो की आणखी काही बदलतं? आणि हे ‘टाकणं’ काय प्रकरण आहे? आपण नजर टाकतो, कडी टाकतो, आणि टाकूनही देतो. धंद्याने भाषांतरकार असल्यामुळे क्रियापद अडकलं की मी पुढे जाऊच शकत नाही.

शेवटचा. टास्क मॅनेजरमध्ये डोकावले तर ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ नावाचं काहीतरी ९६ टक्के प्रोसेसर खात बसलंय. चोर हाच का? बंद करायला गेले तर करू देत नाही.

पेंग्विनप्रेमी

भाचा हुशार आहे. लिनक्स टाका, विषय संपला.

रात्रपाळी

पेंग्विनराव, ‘काय टाकू’ असं त्या विचारतच नाहीयेत. ‘टाकतात ते काय असतं’ असं विचारतायत. जरा दमानं.

ताई, मी बावीस वर्षं सर्व्हर सांभाळले, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आता रात्री झोपतो, पण समजावून सांगायची खोड गेली नाही. लांबण लागेल, तयारीत राहा.

आधी दोन कामाच्या गोष्टी. लॅपटॉप रडत का होईना चालतोय, तोवर आजच्या आज फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. बाकी सगळं नंतर. आणि त्या आयडल प्रोसेसला मारायचा नाद सोडा, तो निर्दोष आहे. प्रोसेसरला करण्यासारखं काही नसतं तेव्हाचा वेळ त्याच्या नावावर मांडतात. ९६ टक्के आयडल म्हणजे प्रोसेसर ९६ टक्के रिकामा. त्या वेळात तो खरोखरच थांबून राहतो, कारण ‘थांब’ अशी एक वेगळी आज्ञाच प्रोसेसरमध्ये असते. तुमचं मशीन मंद असून प्रोसेसर रिकामा आहे, याचा अर्थ तो कशाची तरी वाट बघतोय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ओएस कुठे असते? तुमच्या फायली ज्या डिस्कवर आहेत त्याच डिस्कवर. सी ड्राइव्ह उघडा, ‘विंडोज’ नावाचं फोल्डर दिसेल. बहुतांशी तीच ती. शेजारी ‘युजर्स’, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात तुमची भाषांतरं. दुरुस्तीवाला पूर्ण सी ड्राइव्ह फॉरमॅट करून कोऱ्या जागेवर विंडोज बसवतो, कारण त्याला ते सोपं आणि खात्रीचं पडतं. शेजारी म्हणून तुमच्या फायलीही त्यात जातात. त्या जायलाच पाहिजेत असं काही नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट धिस पीसी’ आहे, त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर फायली राहतात आणि वरून बसवलेले प्रोग्राम तेवढे उडतात. वर्डही उडेल. पण तिथवर जावं लागेल असं मला अजून वाटत नाही.

(अवांतर: ड्राइव्हला सी का म्हणतात? ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. फ्लॉप्या गेल्या, अक्षरं त्यांच्या नावाने तशीच राखून ठेवली आहेत.)

तुमचा खरा प्रश्न दोन प्रोग्रामांतल्या फरकाचा आहे, आणि तो बाळबोध अजिबात नाही. फरक अधिकाराचा आहे. प्रोसेसर दोन अवस्थांत काम करतो. एकीत त्याला कुठलीही आज्ञा चालते: मेमरीत (चालू कामाच्या तात्पुरत्या जागेत) कुठेही लिही, डिस्कला थेट हात लाव, सगळं बंद कर. दुसरीत त्याचे हात बांधलेले असतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो पहिल्या अवस्थेत चालतो. वर्ड, ब्राउझर, गेम हे सगळे दुसऱ्या. वर्डला तुमची फाइल डिस्कवर लिहिता येत नाही, ते कर्नलकडे मागणी करतं. या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. कर्नल बघतो की ही फाइल या माणसाची आहे का, जागा आहे का, आणि मग स्वतः लिहितो. हे कुंपण प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच घातलेलं आहे. वर्डने ओलांडायचा प्रयत्न केला तर प्रोसेसरच त्याला अडवतो आणि कर्नलच्या ताब्यात देतो. म्हणून वर्ड कोसळलं तर एकटं वर्ड कोसळतं. कर्नल कोसळला तर सगळंच.

थोडं जवळून दाखवतो. तुम्ही इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी कळफलकाची ती ठरलेली मांडणी, वापरत असाल असं धरतो. त्यात रोमन ‘के’च्या कळीवर ‘क’ आहे. तुम्ही ती कळ दाबता. कळफलकाला मराठी येत नाही, आणि इंग्रजीही येत नाही. यूएसबी कळफलक असेल तर तो फक्त एक आकडा पाठवतो: १४. या जागेची कळ दाबली गेली, एवढंच. यूएसबीचं नियंत्रण करणारी चिप प्रोसेसरला टोचते, ज्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे ठेवतो, कुठवर आलो होतो त्याची नोंद करतो आणि कर्नलचा तुकडा चालवायला घेतो. ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा तुकडा, तो १४ वाचतो. मग विंडोज बघतं की आत्ता कोणती खिडकी पुढे आहे आणि कोणती भाषा निवडलेली आहे. मराठी इनस्क्रिप्ट असेल तर १४ चा होतो २३२५, म्हणजे युनिकोडमधला (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतला) ‘क’. हा २३२५ वर्डच्या टपालपेटीत पडतो. वर्ड तो उचलतं, ओळीत बसवतं आणि पडद्यावर रंगवण्यासाठी पुन्हा विंडोजकडेच मागणी करतं. कळ दाबली तुम्ही, दिसलं वर्डमध्ये, पण मधली बहुतेक सगळी ये-जा ऑपरेटिंग सिस्टीमने केली. दिवसाला तुम्ही किती हजार अक्षरं टंकता? तितक्या वेळा.

ती टपालपेटी लक्षात ठेवा. तुमचं वर्ड ‘पांढरंफटक’ पडतं ना? प्रोग्रामने टपालपेटी पाच सेकंद उघडून बघितलीच नाही, की विंडोज धरून चालतं की हा बेशुद्ध आहे. मग त्याच्या खिडकीवर तिची फिकट नक्कल चढवतं आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. म्हणजे ती पांढरी खिडकी वर्डची नव्हेच, विंडोजने उभी केलेली तोतया आहे. वर्ड मागे कुठेतरी अडकून बसलंय.

आता वेळेची वाटणी. तुमच्या मशीनमध्ये आत्ता शंभरच्या वर प्रोसेस चालू असतील आणि प्रोसेसरचे कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतील चार किंवा आठ. कर्नल प्रत्येकाला काही मिलिसेकंद देतो, उठवतो, दुसऱ्याला बसवतो. विंडोजचं घड्याळ साधारणपणे सेकंदाला ६४ ठोके देतं, त्या ठोक्यांवर ही उठबस चालते. आपल्याला वाटतं सगळं एकदम चाललंय. एकाच मशीनवर अनेकांना आपापलं वाटावं, ही कल्पना १९६१ मध्ये एमआयटीत सीटीएसएस नावाच्या सिस्टीमवर चालवून दाखवली होती. पण घरच्या संगणकावर ती नीट यायला फार वर्षं लागली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रामने आपण होऊन उठायचं असा शिरस्ता होता. मी तेव्हा एक आकडेमोडीचा प्रोग्राम लिहिला होता आणि त्यात ‘आता दुसऱ्याला बसू दे’ म्हणणारी ओळ घालायला विसरलो. माऊसचा बाण हलत होता, बाकी सगळं मशीन दगड. तीन तासांनी उत्तर आलं, तेही चुकीचं.

उद्या एक काम करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि मला तीन गोष्टी सांगा: सीपीयूखाली ‘अप टाइम’ किती, मेमरी एकूण किती आणि किती भरलेली, आणि डिस्कसमोर किती टक्के.

शंकासूर

लेख छान जमलाय, पण एक खुसपट काढतोच. तुम्ही कर्नल आणि ओएस यांची सरमिसळ करताय. खिडक्या, टास्कबार, स्टार्ट बटण हे कर्नलमध्ये नसतं. मग ते ओएस की नाही? आणि ‘लिनक्स’ हे तर नुसत्या कर्नलचं नाव आहे.

रात्रपाळी

मान्य. रेघ कुठे मारायची यावर जाणत्यांतही एकमत नाही. माझं मत: रोजच्या बोलण्यात ओएस म्हणजे कर्नल आणि त्याच्यासोबत पेटीतून येणारं सगळं. स्टार्ट बटणावर उजवं टिचकं मारलं तर यादी उघडते, ते काम एक्सप्लोरर नावाच्या साध्या प्रोग्रामचं. तो टास्क मॅनेजरमधून बंद केलात तर टास्कबार गायब होतो आणि मशीन मात्र चालूच राहतं. म्हणजे डोळ्यांना जे दिसतं, ज्याला लोक ‘विंडोज’ म्हणतात, ते काढून घेतलं तरी ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत असते. सर्व्हरवाल्यांना यात काही नवल नाही. आमच्या कित्येक मशीनना वर्षानुवर्षं पडदाच जोडलेला नव्हता.

लिनक्सबद्दल तुमचं बरोबर. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिहिलं ते कर्नल. भोवतीची पुष्कळशी अवजारं ग्नू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची. तोच कर्नल अँड्रॉइड फोनमध्ये आहे, पण वरचा सगळा पसारा वेगळा, म्हणून फोन हातात घेऊन कुणाला लिनक्स वापरतोय असं वाटत नाही. दोघांचं घराणं मात्र युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचं. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी एका छोट्या पीडीपी-७ यंत्रावर ते सुरू केलं. लिनक्सने त्यातला कोड घेतला नाही, वळण घेतलं. मॅकचं नातं त्याहून जवळचं, त्याच्या पोटात बीएसडी नावाच्या युनिक्सच्या शाखेचा अंश आहे. विंडोजचं घराणं निराळं. आजच्या विंडोजचा गाभा १९९३ च्या विंडोज एनटीपासून आला, आणि घरगुती मशीनपर्यंत तो २००१ मध्ये एक्सपीच्या रूपाने पोचला. त्याआधीचं ९५ आणि ९८ हे डॉस नावाच्या जुन्या ओएसच्या खांद्यावर बसलेलं, म्हणून ते इतकं पडायचं.

कोरी पाटी

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १४ चा २३२५ होतो हे वाचल्यापासून ‘क’ दाबताना हात अडखळतोय.

फायली उतरवल्या. एकूण ४१ पुस्तकं निघाली, मलाच ठाऊक नव्हतं. आता आकडे:

अप टाइम: २३:०४:१७:५२. मेमरी ४ जीबी, त्यातली ९१ टक्के भरलेली. डिस्क १०० टक्के, आणि ती तिथून हलतच नाही.

अप टाइम म्हणजे चालू राहिलेला वेळ ना? मग पहिला आकडा २३ दिवस? मी रोज रात्री न चुकता ‘शट डाउन’ करते. गेली तीस वर्षं घरातले दिवे आणि संगणक मीच बंद करते. हे मशीन खोटं बोलतंय.

रात्रपाळी

मशीन खरं बोलतंय, बटण खोटं बोलतंय. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असते. तुम्ही शट डाउन करता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नल बंद होत नाही. त्याची मेमरीतली स्थिती जशीच्या तशी डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत मेमरीत ओततात. सुरुवात लवकर व्हावी हा हेतू. परिणाम असा की कर्नल आणि ड्रायव्हर २३ दिवस तेच चाललेत, त्यांच्या पोटातल्या सगळ्या गाठी-निरगाठींसकट. गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ केलं तर हे होत नाही, तेव्हा कर्नल खरोखर मरतो आणि नव्याने जन्मतो. ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला विंडोजवर त्यामुळे अर्धाच खरा आहे. बंद करून चालू करू नका, रीस्टार्ट करा. आत्ता करा. अपडेट साठलेली असतील, वेळ लागेल, मधे बटण दाबू नका.

आता १०० टक्के डिस्क आणि रिकामा प्रोसेसर. मी म्हटलं होतं ना, तो कशाची तरी वाट बघतोय? डिस्कची बघतोय.

प्रत्येक प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टीम एक सोयीचं खोटं सांगते: ही सगळी मेमरी तुझीच. वर्डला वाटतं आपण एकटेच आहोत, ब्राउझरलाही तसंच. प्रत्यक्षात मेमरीचे ४०९६ बाइटचे छोटे तुकडे केलेले असतात, त्यांना पान म्हणतात, आणि कुणाचं कुठलं पान खरोखर कुठे आहे याची वही कर्नल सांभाळतो. वर्डला ब्राउझरच्या पानात डोकावता येत नाही ते याच वहीमुळे. मागणी ४ जीबीच्या वर गेली की कर्नल कमी वापरातली पानं उचलून डिस्कवर ठेवतो आणि लागली की परत आणतो. हा शोधही जुना आहे, १९६२ च्या मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकातला. अधूनमधून झालं तर कळतही नाही. पण तुमच्याकडे ते सतत चाललंय. तुमच्याकडे फिरती हार्ड डिस्क असणार. मेमरीतून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. एक लाख पट. हाताशी असलेल्या कोशात शब्द बघायला तुम्हाला एक मिनिट लागत असेल, तर हे म्हणजे त्याच शब्दासाठी ७० दिवस थांबणं. वर्ड त्या ७० दिवसांत अडकतं, टपालपेटी उघडत नाही आणि पांढरं पडतं.

यावर कुठलीही ओएस टाकून भागणार नाही. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (काही न फिरणारी, कितीतरी वेगवान डिस्क) आणि मेमरी ८ जीबी, मग बघा. तोवर ब्राउझरच्या टॅब कमी करा. किती आहेत?

आणि निळ्या पडद्याबद्दल: दोन आठवड्यांपूर्वी मशीनला नवीन काही जोडलंत का?

कोरी पाटी

टॅब ६३. (शब्दकोशच असतात हो त्यात.)

रीस्टार्टला पस्तीस मिनिटं लागली, मी देव पाण्यात घालून बसले होते. आता बरंच हलकं वाटतंय. नवीन म्हणाल तर स्कॅनर जोडला. नवीन नाही, जुनाच, मूळ पुस्तकाची पानं काढायला. त्याचं सॉफ्टवेअर मिळेना, मग कुठल्यातरी साइटवरून ड्रायव्हर उतरवला. त्याने कसलीशी परवानगी मागितली, मी ‘येस’ म्हटलं.

रात्रपाळी

त्या ‘येस’ने तुम्ही एका परक्याला कुंपणाच्या आत घेतलंत.

ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशी कसं बोलायचं हे कर्नलला शिकवणारा तुकडा. विंडोजमध्ये बरेच ड्रायव्हर थेट कर्नलच्या अधिकाराने चालतात. त्यातला एक जरी चुकीच्या जागी लिहायला गेला, तर कर्नलला ‘याला एकट्याला काढा’ म्हणता येत नाही, कारण आणखी काय बिघडलंय हे कळायला मार्ग नसतो. चुकीची माहिती तुमच्या डिस्कवर लिहिली जाण्यापेक्षा सगळं थांबवलेलं बरं, असा विचार करून तो जाणूनबुजून थांबतो. निळा पडदा म्हणजे तो. लोक त्याला शिव्या देतात, मला तो त्या मशीनमधला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळांवरचे पडदे निळे झाले होते, आठवतंय? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन. विंडोजचं अपडेट नव्हतं ते. कर्नलच्या आत बसलेल्या एका सुरक्षा सॉफ्टवेअरला सदोष माहितीची फाइल पोचली होती, बस.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, स्कॅनर शोधा, ‘अनइन्स्टॉल’ करा, ड्रायव्हरही काढून टाकायची खूण असेल तर ती करा. मग परत रीस्टार्ट. (शट डाउन नाही!)

पेंग्विनप्रेमी

ताई, माझ्यावर सगळे तुटून पडले तरी सांगतो. लिनक्स ‘टाकायची’ गरज नाही, नुसतं चाखता येतं. पेनड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचाच एक तयार प्रकार) उतरवा, त्यावरून मशीन सुरू करा, ‘ट्राय’ निवडा. सगळं मेमरीत चालतं, डिस्कला हात लागत नाही. बघून झालं की पेनड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, विंडोज जिथल्या तिथे.

रात्रपाळी

हे मात्र पेंग्विनराव शंभर टक्के बरोबर बोलले. फक्त दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, पेनड्राइव्ह बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं, तेव्हा कुठली डिस्क निवडताय ते तीनदा बघा. मी एकदा पहाटे साडेचारला ‘एसडीबी’च्या जागी ‘एसडीए’ टंकलं होतं. एका अक्षराच्या फरकाने पेनड्राइव्हवर जायचं ते सर्व्हरच्या मुख्य डिस्कवर गेलं. सर्व्हर पुढची पाच-सात मिनिटं काही झालंच नाही अशा थाटात चालू होता, कारण त्याला लागणारी पानं मेमरीत होती. मग हळूहळू एकेक आज्ञा ‘सापडत नाही’ म्हणू लागली. ती पाच-सात मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

दोन, विंडोजची डिस्क कुलूपबंद असू शकते. त्याला बिटलॉकर म्हणतात. त्याची ४८ आकड्यांची किल्ली बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. प्रयोगाआधी ती कागदावर उतरवून ठेवा, कारण मशीन दुसरीकडून सुरू केलं की विंडोज कधी कधी संशयाने ती मागतं.

कोरी पाटी

स्कॅनरचा ड्रायव्हर काढला. सहा दिवस झाले, निळा पडदा नाही. एसएसडी आणि मेमरी मागवली आहे. दुरुस्तीवाल्याचा फोन आला होता, “टाकायची ना?” म्हणून. म्हटलं, “काढली.” तो गोंधळला.

आणि काल भाच्याच्या मदतीने पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून बघितलं. तोच लॅपटॉप, तोच घासलेला कळफलक, आणि समोर परकं घर. माझी डिस्क दिसली. टिचकी मारली तर तुम्ही म्हणालात तशी ४८ आकडी किल्ली मागितली. चष्मा लावून घातली, तर ४१ पुस्तकं जशीच्या तशी. विंडोज झोपलेलं आणि त्याच्या घरात शिरून मी आपली कपाटं उघडतेय, असं काहीसं वाटलं. डिस्क नुसती वाचता येत होती, तिच्यावर लिहू देत नव्हतं. भाच्याने आधीच्या रात्री शट डाउन केलं होतं, तुमच्या त्या फास्ट स्टार्टअपमुळे कर्नल तिथे अर्धवट झोपलेला असणार, हो ना?

मग एक कोरी फाइल उघडली आणि ‘क’ दाबला. आला रोमन ‘के’. पुन्हा दाबला. पुन्हा ‘के’. भाचा म्हणाला, मराठी नाहीये यात. मी म्हटलं, थांब, कळफलकातून १४ गेलाय, तो बरोबरच आहे. पुढचं यांनी चुकीच्या यादीतून घेतलं. सेटिंग्जमध्ये जाऊन कळफलकाच्या यादीत मराठी जोडलं, परत तीच कळ दाबली, आणि क आला. भाचा माझ्याकडे बघत राहिला.

रात्रपाळी

हो, म्हणूनच लिहू दिलं नाही. झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचा नाही, एवढी समज लिनक्सला आहे. पुढच्या वेळी आधी विंडोज पूर्ण बंद करा: शिफ्ट धरून शट डाउनवर टिचकी मारली की कर्नलसकट बंद होतं.

जुना स्कॅनर मात्र फेकू नका. उबुंटूत असतानाच तो जोडून बघा. पुष्कळ जुन्या स्कॅनरांचे ड्रायव्हर त्यात आधीपासून असतात, कुठल्या साइटवर जायला नको.